लाखभर बघे आणि एक सोफा

सोफेवाल्याचं लग्न झालं तेव्हा त्याच्याजवळ जगाला दाखवण्यासारखं काही नव्हतं. तेच दिवस बरे होते, असं त्याची बायको अजून म्हणते.

हात मात्र गुणी होता. मोडक्या खुर्चीवर नुसता तळवा फिरवला की कुठली स्प्रिंग मेलीय आणि कुठली नुसती रुसलीय ते त्याला कळायचं. आईबाप लवकर गेले, मामांनी वाढवलं आणि मामांनीच कामाला लावलं. मामांचं सोफे दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, सायकलवाल्याला चिकटून. आत शिरलं की काथ्याचा, सोल्यूशनचा आणि जुन्या कापडाचा वास यायचा. भिंतीला सोफ्यांचे उघडे सांगाडे टेकलेले, आणि उजेड यावा म्हणून खिडकीशी शिलाईचं मशीन. लग्न झाल्यावर त्या मशीनवर बायको बसली. अंगाने काडी आणि तोंडात कायम टाचण्या धरलेल्या. मामांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव टाचणी ठेवलं आणि गल्लीने ते उचललं. माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं मागे पडली. ती बोलायचीही त्या टाचण्यांच्या फटीतूनच. थोडंच बोलायची, पण टोचेल असं.

तिला नटण्याची हौस म्हणाल तर भुवयांपुरती. देवाने भुवया देताना हात आखडता घेतला होता, ती कसर ती पेन्सिलीने भरून काढायची. त्या पेन्सिलींना पाय फुटायचे हे मात्र खरं. आज आणली की दोन आठवड्यांत गायब. ताई, म्हणजे सोफेवाल्याची मोठी बहीण, येऊन गेली की हमखास. टाचणी एकदा बोलून गेली, "काही माणसं आली की वस्तू चालू लागतात." ताईच्या कानाला ते बरोबर ऐकू आलं. तिने उंबरा सोडला तो सोडलाच. त्यालाही बरेच दिवस झाले.

मामांच्या दुकानात एक रीत होती. सोफा म्हणजे घरातला सगळ्यात मोठा खिसा. त्यात काय काय शिरलंय ते घरच्यांनाही ठाऊक नसतं. तळाचं कापड फाडण्याआधी मामा खाली एक धुतलेला फडका अंथरायचे. आतून जे पडेल ते त्यावर पडायचं. कंगवे, केसांचे आकडे, नाणी, बाहुलीचा पाय, कुणाची कवळी, हरवली म्हणून जिच्यापायी मोलकरणीला काढून टाकलं ती कुणाची अंगठी. मामा त्याकडे न बघता फडक्याची चार टोकं जुळवायचे, गाठ मारायचे आणि ती पुरचुंडी खुंटीला टांगायचे. सोफा घरी पोचवताना पुरचुंडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. गिऱ्हाईकही ती दुकानात उघडत नसे. घरी जाऊन काय ते.

सोफेवाला पोरवयाचा असताना एकदा म्हणाला होता, "मामा, बघू तर दे काय आहे."

"लोक आपल्याला सोफा देत नाहीत रे," मामा म्हणाले होते, "पोट उघडून देतात. शिवायचं आणि गप बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

पुढे मामांचे गुडघे गेले. ते दाराशी स्टुलावर बसायला लागले, आणि दुकान भाच्याच्या हातात आलं. त्याच सुमारास भाच्याच्या हातात नवा फोनही आला. माणसाच्या एका हातात दुकान आणि दुसऱ्या हातात फोन असला की कुठला हात जिंकतो ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

त्याने दुकानाचं पेज काढलं. सुरुवातीला तयार सोफ्यांचे फोटो टाकायचा. छान फोटो, त्यांना कुणी हुंगलंही नाही. सायकलवाला अंगठा द्यायचा, तोही शेजारधर्म म्हणून.

मग हेडबाईंचा सोफा आला.

हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली, सोफेवालाही. त्यांचा सोफा पोपटी, त्यावर भोपळ्याएवढी केशरी फुलं. पोरांच्या शाळाप्रवेशाची विनवणी करायला, नंतर त्याच पोरांच्या लग्नाचा सल्ला घ्यायला गल्लीतलं प्रत्येक माणूस कधी ना कधी त्या फुलांवर बसलेलं. सोफेवाल्याने फोन स्टँडला लावला, सोफा उलटा केला आणि तळाचं कापड टरकावलं. आतून डब्यातून चणे सांडावेत तशा गोळ्या सांडल्या. पांढऱ्या, गुलाबी, अर्ध्या चोखलेल्या. हेडबाईंचे यजमान रक्तदाबाचे रोगी, आणि बाई रोज समोर उभं राहून त्यांना गोळी द्यायच्या. गोळी कुठे जात होती ते आता कळलं.

सोफेवाला फोनकडे बघून म्हणाला, "मित्रांनो, माणसाचं माहीत नाही, पण ह्या सोफ्याचं ब्लडप्रेशर आता एकदम नॉर्मल आहे!"

टाचणीने मशीन थांबवलं. "अहो, हे टाकू नका."

"का? मी नाव घेतलं का? कुणाचा चेहरा दाखवला का?"

"त्या सोफ्याला चेहरा लागतो का? अख्खी गल्ली बसलीय त्याच्यावर."

"जग बघणार आहे अगं. जगाला आपली गल्ली काय माहीत?"

"गल्लीला माहीत आहे ना," टाचणी म्हणाली. पण तोवर त्याचं बोट पडलं होतं.

जगाने बघितलं. कुठल्या कुठल्या गावांतून, कुठल्या कुठल्या मुलखांतून माणसं आली, पोट धरधरून हसली आणि पेजाला चिकटली. ज्यांनी जन्मात ह्या गल्लीकडे तोंड केलं नसतं त्यांना हेडबाईंच्या यजमानांच्या गोळ्यांचा रंग तोंडपाठ झाला. सोफेवाला जेवताना फोन, झोपताना फोन, आकडा वर गेला की बायकोला कोपराने ढोसायचा. "वाढले बघ! आणखी वाढले!" दूध उतू चाललंय आणि हा म्हणतोय दूध वाढलं, तशातली गत.

हेडबाई दुसऱ्या दिवशी हातगाडीवाल्याला घेऊन आल्या. आरडाओरडा नाही. "आहे तसा द्या," एवढंच म्हणाल्या. उसवलेला, पोट लोंबतंय असा पोपटी सोफा भर गल्लीतून परत गेला. निघताना त्यांनी हात पुढे केला. पुरचुंडीसाठी. सोफेवाला इकडेतिकडे बघायला लागला, कारण गोळ्या त्याने व्हिडिओ झाल्यावर झाडून कोपऱ्यात लोटल्या होत्या. टाचणीने त्या आदल्या रात्रीच वेचून बांधून ठेवल्या होत्या. तिने गाठोडं हेडबाईंच्या हातावर ठेवलं. हेडबाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही.

गल्ली मग भांडली का? नाही. गल्ली भांडली तर समजावं की नात्यात अजून धुगधुगी आहे. गल्लीने नुसत्या चादरी टाकल्या. टाचणी कुणाकडे गेली की बघायची, सोफ्याचं कापड विटलंय, स्प्रिंगा टोचतायत, आणि वर आपली चादर अंथरलेली. "सोफा देणार होतात ना दुरुस्तीला?" असं विचारलं की घरची बाई म्हणायची, "बघू की, घाई काय आहे." आणि बोलता बोलता चादर आणखी खाली ओढायची. जणू ह्या बाईला कापडापलीकडचंही दिसतं.

इकडे गिऱ्हाईक आटलं आणि तिकडे पेज फुगलं. बघे मोठे कष्टाळू असतात; भांडण, अपघात आणि दुसऱ्याचं उघडं पोट बघायला ते कितीही लांबून येतात. त्यांना रोज नवं पोट पाहिजे. पण पोटं आणायची कुठून? सोफेवाल्याने भंगारवाल्याकडचे मोडके सोफे आणून फाडले. त्यांतून धूळ आणि झुरळं निघाली. बघे रुसले. तेव्हा ह्या गृहस्थाने काय करावं? आदल्या दिवशी स्वतःच सोफ्यात वस्तू कोंबायच्या, आणि दुसऱ्या दिवशी फोनसमोर "अरे बापरे! हे काय निघालं मित्रांनो!" असं ओरडायचं. एक जुनी कवळी त्याने अशी बऱ्याचदा काढली. शेवटी कुणीतरी खाली लिहिलं, "काका, हीच कवळी मागच्या सोफ्यातही होती. ती काय सोफे बदलत फिरते का?" त्या एका वाक्याला जेवढे अंगठे मिळाले तेवढे पेजाला त्यानंतर पुन्हा कधी मिळाले नाहीत.

मग आली शांतता.

आकडा तिथेच. कुणी गेलं नाही, कारण पेज सोडायलाही एक बोट हलवावं लागतं, आणि बघ्यांना तेवढंही काम नको असतं. पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. सोफेवाला तयार सोफे दाखवी, उशा दाखवी, सकाळी फुलांवर दव असलेल्या फोटोवर "शुभ सकाळ मित्रांनो" लिही, आणि काहीच सुचलं नाही की स्वतःचं थोबाड दाखवून "यश म्हणजे काय" ह्यावर बोले. व्हिडिओत त्याची मिशी अशी काळीभोर आणि रेखीव दिसे की टाचणीला वाटायचं, फोनमध्ये सगळंच बरं दिसतं, माणूसही. लाखाला टेकलेल्या त्या बघ्यांमधून अंगठे यायचे ते तीनच, सायकलवाल्याचा, ताईचा, आणि कुठल्याशा परमुलखातल्या एका म्हाताऱ्याचा. तो म्हातारा वाढदिवसालाही अंगठा द्यायचा आणि मयतालाही.

सोफेवाला कासावीस झाला. फोनच्या दुकानावर एका खोलीत एक गृहस्थ पेजांचं शिकवायचे. त्यांच्याकडे गेला. ते म्हणाले, वेळ चुकतेय, संध्याकाळी टाका. संध्याकाळी टाकलं. म्हणाले, हसत टाका. हसत टाकलं. मग म्हणाले, माणसं आणखी वाढवा, गर्दीकडे गर्दी येते. आणि विकत मिळणारी माणसं काढून दिली. ती माणसं म्हणजे नावात निम्मे आकडे आणि तोंडाच्या जागी राखाडी बाहुलं. ती मेली नव्हती, कारण त्यासाठी आधी जन्मावं लागतं. आकडा लाख ओलांडून गेला. सोफेवाल्याने दुकानावर कापडी फलक लावला, "एक लाखाचा परिवार". मामा त्याला तेव्हापासून 'लक्षाधीश' म्हणायला लागले.

"काय लक्षाधीश, आज परिवारातलं कुणी पाणी विचारायला आलं का?"

"मामा, तुला ह्यातलं कळत नाही. हे सगळं अल्गोरिदमचं आहे. तो दाखवतच नाही लोकांना."

"कोण हा? त्याचा सोफा बिघडवलास का?"

टाचणीने तोंडातल्या टाचण्या एका गालात सरकवल्या. "मामा, रस्त्यात भांडण लागलं की गर्दी जमते ना? भांडण मिटल्यावर कुणी त्या गर्दीला म्हटलं, बसा, आता मी माझ्या उशा दाखवतो, तर कोण बसेल?"

"तू शिव," सोफेवाला म्हणाला.

"काय शिवू?" टाचणी म्हणाली. मशीनवर कापडच नव्हतं.

हे असं चाललेलं असताना सायकलवाल्याने मामांकडे शब्द टाकला. त्याला सुटे भाग ठेवायला जागा हवी होती. दोन दिवसांनी मामांनी भाच्याला स्टुलाजवळ बोलावलं.

"रिकामं दुकान राखणं म्हणजे मेलेल्या म्हशीला वैरण. तुझा परिवार मोठा आहे ना? येत्या रविवारी बोलव त्यांना. एक सोफा येऊ दे दुरुस्तीला. एकच. आला तर किल्ली तुझी. नाही आला तर सायकलवाल्याची."

"एक? मामा, रांग लागेल!"

"रांग नको. एक."

दुकान गेलं तर टाचणीची खिडकी जाणार होती. घरी मशीन ठेवायचं तर माणसांनी उभ्याने जेवावं लागलं असतं. आणि हा नवरा मोठ्या शोरूममध्ये उभा राहून थर्माकोलने भरलेले रेडिमेड सोफे विकणार. ज्या हाताला मेलेली स्प्रिंग कळते तो हात गिऱ्हाइकाला हप्ते समजावणार. फोनपायी डोकं फिरलं असलं तरी हात अजून शाबूत होता, आणि तिला तो हात वाचवायचा होता.

सोफेवाल्याने मात्र थाट केला. फोनवर हात जोडून आमंत्रण दिलं, "रविवारी भेटूया मित्रांनो, परिवाराचा मेळावा!" खुर्च्या भाड्याने आणल्या, माइक आणला. "मावतील ना गं?" त्याने विचारलं.

"मावतील," टाचणी म्हणाली. "खुर्च्या उरतीलही."

रविवार उजाडला. सोफेवाला इस्त्रीच्या शर्टात, मिशी कोरून, दाराशी उभा. खुर्च्यांवर उन्हं आली, उन्हं सरकली. एक कुत्रं आलं, माइकच्या खांबाला हुंगून, पाय वर करून गेलं. सायकलवाला आला, पण त्याच्या हातात मापाची टेप होती. भिंत मोजायला लागला. "असू दे, तुम्ही चालू ठेवा तुमचा कार्यक्रम," म्हणाला. मामा स्टुलावर किल्ली मांडीवर ठेवून बसलेले.

दुपार कलताना एक टोपीवाला गृहस्थ गल्लीत शिरला. खांद्याला पिशवी, प्रवासाने चुरगळलेला. फलक वाचून हरखला.

"तुम्हीच ना ते सोफेवाले? ओळखलं! मिशीवरून ओळखलं!"

सोफेवाल्याच्या अंगात वारं भरलं. मामांकडे बघत, मोठ्याने म्हणाला, "या, या! कुठून आलात?"

"लांबून. दोन गाड्या बदलल्या. मी तुमचं सगळं बघतो. एक सोडत नाही. त्या गोळ्यांचा तर किती वेळा बघितला, काय हसलो! आमच्या हिला पण दाखवला."

"पण तुमचं लाईक कधी..." सोफेवाला चाचरला. "म्हणजे, नाव दिसलं नाही कधी."

"छे हो! लाईक कसं करणार?" टोपीवाला जवळ सरकला, आवाज उतरवला. "आमचे मेव्हणे बघतात ना मी काय दाबतो ते. हा दिवसभर लोकांच्या घरातली घाण बघत बसतो, असं नको व्हायला. बघायचं आणि पुढे जायचं. सगळे तसेच बघतात."

मामांनी घसा खाकरला.

"आणि हल्ली तुम्ही ते उशा वगैरे दाखवता," टोपीवाला म्हणाला, "ते नाही बघत मी. उशा आमच्याकडेही आहेत."

"बरं, सोफा आणलाय का दुरुस्तीला? बाहेर गाडीत आहे का?" सोफेवाल्याने शेवटचं विचारलं. त्याचा आवाज आता इस्त्री मोडल्यासारखा झाला होता.

टोपीवाला हसायला लागला. त्याला खरंच वाटलं की ही थट्टा आहे. "तुमच्याकडे? तुमच्याकडे कोण देईल हो सोफा? तुम्ही दाखवता!"

भिंतीवरची मापाची टेप तेवढी सर्रकन मिटली.

"सात फूट भरली," सायकलवाला हळूच म्हणाला. "पुरेल."

टोपीवाल्याला कशाचा पत्ताच नव्हता. पिशवी खाली ठेवून, एका भाड्याच्या खुर्चीवर ऐसपैस बसून त्याने विचारलं, "मग? आज काही उघडताय की नाही?"

टाचणीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या, आणि कुणाला काही न सांगता बाहेर पडली. सोफेवाल्याला वाटलं, रडायला गेली. ती हातगाडीवाल्याला घेऊन परत आली. गाडीवर त्यांच्या स्वतःच्या घरातला दोन माणसांचा सोफा होता, हातांवर तेलाचे डाग पडलेला.

"मामा, सोफा आला," टाचणी म्हणाली.

"अगं, हा आपला!" सोफेवाला ओरडला.

"मग? आपला सोफा सोफा नाही का? एक स्प्रिंग मेलीय, दुसरी रुसलीय. तुम्हीच म्हणता."

मामांनी सोफ्याकडे बघितलं, मग सुनेकडे. "गिऱ्हाईक कोण?"

"मी."

"काम काय?"

"तळापासून करायचं. आणि रीतीने करायचं."

मामांचा चेहरा हलला नाही, पण किल्ली मांडीवरून मुठीत गेली. "लक्षाधीश," ते म्हणाले, "फडका अंथर."

टोपीवाल्याने टुणकन उठून फोन काढला. फोन दिसला मात्र, सोफेवाल्याची पाठ सवयीने ताठ झाली. सोफा उलटा करून तो म्हणालाही, "मित्रांनो, आज आपल्याकडे..." आणि मिशीवरून बोट फिरवत त्याने तळाचं कापड ओढलं.

फडक्यावर एक पेन्सिल पडली.

बारकी, काळी, झिजून नखाएवढी उरलेली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी, टोपण नसलेली. मग एक कंगव्याचा दात, शेंगदाण्याची टरफलं, आणि आणखी एक पेन्सिल.

सोफेवाल्याचं ते मिशीवरचं बोट तिथेच थिजलं. बोटाच्या टोकाला काळं लागलं होतं. आरसा घेऊन रोज सकाळी कोण ह्या सोफ्यावर बसायचं, आणि बायकोची चाहूल लागली की हातातलं काय फटीत सरकवायचं, ते त्या क्षणी त्या दुकानात एकालाच ठाऊक होतं. दुसऱ्या क्षणी दोघांना.

टोपीवाला फोन घेऊन खाली वाकला. "थांबा थांबा, जवळून घेऊ द्या. काय आहे ते?"

"फोन खाली घ्या."

"अहो, मी त्यासाठीच तर..."

"खाली घ्या म्हणतो ना!" सोफेवाल्याने दोन्ही पंजे फडक्यावर झाकणासारखे ठेवले. "माझ्या घरचा सोफा आहे हा!"

"असू दे की," टोपीवाला समजुतीने म्हणाला. "मी नाव नाही घेणार."

दाराशी मामांना खोकल्याची उबळ आली, आणि ती बराच वेळ टिकली.

टोपीवाला दुखावला. दोन गाड्या बदलून आलेला माणूस तो. "हे काही बरोबर नाही. प्रेक्षकांचा मान ठेवला पाहिजे," म्हणाला. पिशवी उचलून, सगळ्यांच्या देखत फोनवर अंगठा दाबून त्याने पेज सोडलं आणि तरातरा चालू लागला. पेजाच्या आयुष्यात समोर उभं राहून कुणी अंगठा दाबल्याची तीच पहिली वेळ.

"लाखातला जिवंत होता तो गेला," मामा म्हणाले. "आता उरले ते सगळे तुझेच. बांध."

सोफेवाल्याने फडक्याची चार टोकं जुळवली. जुळेनात. जो हात अंधारात स्प्रिंगा बांधायचा त्याला साधी गाठ बसेना. शेवटी बसली. त्याने पुरचुंडी उचलली आणि मान खाली घालून गिऱ्हाइकापुढे धरली.

टाचणी बोलू शकली असती. बोलण्याजोगं तिच्याजवळ भरपूर होतं, सायकलवाला अजून तिथेच होता, आणि तोंडात टाचण्याही नव्हत्या. तिने पुरचुंडी घेतली. उघडली नाही. कमरेला खोचली. गिऱ्हाईक दुकानात पुरचुंडी उघडत नाही.

"संध्याकाळी ताईंना जेवायला बोलवा," एवढंच ती म्हणाली. "मीही येते बोलवायला. मलाच यायला पाहिजे."

मामांनी किल्ली खुंटीला लावली, जिथे पूर्वी पुरचुंड्या टांगत असत. सायकलवाला टेप खिशात घालून म्हणाला, "मी आपला सहज मोजत होतो."

त्या दिवसानंतर सोफेवाल्याची मिशी पांढरी झाली. म्हणजे होतीच, दिसायला लागली. फोन बोलण्यापुरता उरला. पण गल्लीने लगेच चादरी काढल्या असं कुणी समजू नये. गल्लीला विसरायला वेळ लागतो, आणि लागावा. पहिलं काम आलं ते हेडबाईंकडून, आणि सोफा नव्हे, नुसती एक उशी. "शिवण उसवलीय" म्हणून पाठवली. शिवण कुठे उसवली होती? कात्रीने सरळ कापलेली दिसत होती. आत हात घातला तर कापसात एक गुलाबी गोळी. सोफेवाल्याने ती बघून न बघितल्यासारखं केलं, फडक्यात बांधली, उशी शिवली आणि स्वतः नेऊन दिली. हेडबाईंनी पुरचुंडी हातात दाबून बघितली. आतली गोळी बोटांना लागली असावी. "बरं," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात पोपटी सोफा आला.

पेज अजून आहे म्हणे, ते बंद करण्याचेही कष्ट कुणी घेतले नाहीत. त्या लाखभर परिवारातल्या एकाही माणसाने आजवर विचारलेलं नाही की सोफेवाले, कुठे गेलात, बरे आहात का, जिवंत तरी आहात का. परमुलखातला म्हातारा मात्र कधीतरी जुन्या फोटोला अंगठा देऊन जातो.

आणि तो फलक? टाचणी कापड वाया घालवत नाही. घरचा सोफा नव्याने बांधला तेव्हा तळाला लावायला जाड कापड हवं होतं. तिने "एक लाखाचा परिवार" बरोबर मापात कापला आणि अक्षरं आतल्या बाजूला करून ठोकून टाकला.